पट्टी दिसली, पण ती कोणाची?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहून आलेला कोणी ना कोणी आता प्रत्येकाच्या ओळखीत असतो. डॉक्टर सांगतात, चालायला लागा, साखर आणि मैदा कमी करा. त्यावर रुग्णाचा ठरलेला प्रश्न असतो : ‘‘अहो, पण तेल-तूप तर मी जवळजवळ बंदच केलंय, मग यकृतात चरबी आली कुठून?’’

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की आपले यकृत साखरेपासूनही चरबी तयार करते, आणि ती किती करायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या मध्यभागी एक प्रथिन बसलेले असते. त्याचे नाव एसआरईबीपी-१. लांबलचक इंग्रजी नावाचे हे लघुरूप; ते लक्षात ठेवायची गरज नाही. हे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. संशोधक ते ‘बघतात’ ते प्रतिपिंडांच्या मदतीने. आणि माझे म्हणणे असे, की हा जो बघणारा डोळा आहे तो पुष्कळदा भलतेच काही बघतो, आपण ते खरे धरतो, आणि त्याची किंमत तुम्ही-आम्ही भरतो. आपल्याकडे याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

उपास, पारणे आणि यकृत

या प्रथिनाची ओळख पटली १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या डल्लास शहरात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडगोळीला कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी १९८५ मध्येच नोबेल मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेचा हा पुढचा शोध. त्याच वर्षी बोस्टनमधल्या ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाला उंदराच्या कुळातल्या प्राण्याच्या चरबीच्या पेशींवर काम करताना हेच प्रथिन सापडले आणि त्यांनी त्याला वेगळेच नाव दिले. एक माणूस, दोन आधार कार्डे, असा प्रकार विज्ञानात बऱ्याचदा होतो.

हे प्रथिन काम कसे करते ते समजून घेतले, तर पुढची सगळी गंमत (आणि त्रास) कळेल. सुमारे ११५० अमिनो आम्लांची ही माळ पेशीतल्या एका पडद्यात केसाच्या पिनेसारखी अडकून बसलेली असते. दोन्ही टोके एकाच बाजूला, मधला भाग पडद्यात. या अवस्थेत ती काहीच करत नाही. चरबी किंवा कोलेस्टेरॉल बनवायचा निरोप आला, की एक सोबती प्रथिन तिला तिथून उठवून पेशीच्या दुसऱ्या कप्प्यात नेते. तिथे कात्रीसारखी दोन विकरे पाठोपाठ दोन ठिकाणी कापतात. कापून सुटलेला पुढचा तुकडा पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि चरबी बनवणाऱ्या जनुकांची बटणे दाबतो. म्हणजे एकाच प्रथिनाची दोन रूपे आहेत. अखंड रूपाचे वजन सुमारे १२५ किलोडाल्टन, ते निवांत बसलेले. कापलेल्या रूपाचे सुमारे ६८, आणि खरे काम करणारे हेच.

याची भावंडेही आहेत. एका जनुकापासून १ए आणि १सी ही दोन रूपे होतात, दुसऱ्या जनुकापासून एसआरईबीपी-२. ढोबळ वाटणी अशी, की २ क्रमांकाचे प्रथिन मुख्यतः कोलेस्टेरॉल बघते आणि १सी यकृतातली चरबी. स्टॅटिनची गोळी घेतल्यावर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरते, त्यामागेही हे दुसरे भावंड आहे. गोळीने पेशीतले कोलेस्टेरॉल बनणे रोखले, की ते जागे होते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेणारे हात पेशीवर वाढवते.

१सीला चिथावणी देणारा मुख्य निरोप्या म्हणजे इन्सुलिन. १९९८ मध्ये डल्लासच्याच गटाने उंदरांवर केलेला एक प्रयोग आपल्याला फार जवळचा वाटेल. उंदरांना उपाशी ठेवले, तेव्हा यकृतातले कापलेले, काम करणारे एसआरईबीपी-१ जवळपास नाहीसे झाले. मग त्यांना पिष्टमय पदार्थ भरपूर असलेले अन्न दिले, तर ते नुसते मूळ पातळीवर आले नाही, नेहमीपेक्षा कितीतरी वर गेले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण यकृताच्या पातळीवरही खरी ठरते म्हणायची. साबुदाण्याच्या खिचडीचा विषय मी इथे मुद्दाम काढत नाही.

आपल्यासाठी हा विषय परका नाही, याचे आणखी एक कारण पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडसडीत आणि आतून चरबीयुक्त, असा हा आपला भारतीय देह. याचे कोडे एका प्रथिनाने सुटणारे नाही. पण ते सोडवायला बसलेल्या कोणत्याही संशोधकाला यकृतात आणि चरबीच्या पेशींत अशी नियंत्रक प्रथिने मोजावीच लागतात. आणि मोजायची म्हणजे प्रतिपिंड विकत घ्यायचे.

घोडा, ससा आणि अमर पेशी

प्रतिपिंड हा शब्द कोविडने घरोघरी पोचवला. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला नेमके ओळखून चिकटणारे हे प्रथिन. प्रयोगशाळेतही त्याचा हाच गुण वापरतात : जे शोधायचे त्याला चिकटेल असे प्रतिपिंड बनवा, त्याला रंग किंवा प्रकाश देणारे शेपूट लावा, आणि ते कुठे चिकटले ते बघा.

महाराष्ट्रात याचे सर्वात जुने ओळखीचे उदाहरण म्हणजे साप चावल्यावर दिली जाणारी लस. मुंबईच्या परळमधल्या हाफकिनचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोडे थोडे करून घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि ती काढून, शुद्ध करून आपल्याला देतात. त्यात एकाच प्रकारचे प्रतिपिंड नसते. विषाच्या वेगवेगळ्या भागांना पकडणाऱ्या अनेक प्रकारांचे ते मिश्रण असते. जीव वाचवायचा असतो तेव्हा ही सरमिसळ फायद्याची. मोजमाप करायचे असते तेव्हा तीच डोकेदुखी, कारण त्या गर्दीत भलत्याच प्रथिनाला चिकटणारेही काही असतात. संशोधनासाठी घोड्याऐवजी बहुधा ससा वापरतात. दोन सशांची प्रतिपिंडे सारखी नसतात, आणि ससा मेला की त्याचे प्रतिपिंड त्याच्याबरोबर संपते. पुढच्या वर्षी त्याच नावाची, त्याच क्रमांकाची कुपी येते, पण आतले प्रतिपिंड दुसऱ्या सशाचे असते.

यावर तोड काढली १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी. प्रतिपिंड बनवणारी उंदराची एकच पेशी घेऊन तिचा कर्कपेशीशी संकर केला. तयार झाली न मरणारी आणि कायम एकाच प्रकारचे प्रतिपिंड देणारी पेशी. या कामाचे पेटंट घेतले गेले नाही. नोबेल मात्र १९८४ मध्ये मिळाले. त्याच तत्त्वाच्या जोरावर आज मेडिकलच्या दुकानात गर्भधारणेची पट्टी मिळते. त्या पट्टीची गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती ज्या संप्रेरकाला ओळखते त्याचा अर्धा भाग दुसऱ्या तीन संप्रेरकांशी तंतोतंत जुळतो. सुरुवातीच्या चाचण्या त्यात फसायच्या. मग प्रतिपिंड उरलेल्या अर्ध्या, वेगळ्या भागावर नेमून दिले, आणि आज घरबसल्या केलेल्या चाचणीवर आपण विश्वास ठेवतो. म्हणजे प्रतिपिंडे मुळात वाईट नसतात. कुठल्या भागाला पकडतात हे कोणीतरी कष्टाने तपासलेले असावे लागते, इतकेच.

६८च्या आसपास

आता थोडे माझे. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत मी याच प्रथिनाच्या मागे होतो. काम सोपे वाटायचे. उंदराच्या यकृताचा तुकडा वाटायचा, त्यातली प्रथिने जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर वजनानुसार वेगळी करायची, ती एका पातळ पडद्यावर उतरवायची, त्यावर प्रतिपिंड सोडायचे. ते जिथे चिकटेल तिथे काळी पट्टी उमटते. या पद्धतीला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. वजनाच्या खुणेवर पट्टी आली, की प्रथिन सापडले असे मानायचे.

मला पहिल्याच आठवड्यात ६८च्या आसपास सुंदर, जाड पट्टी मिळाली. मी फोटो काढून घरच्यांनाही पाठवला होता. पुढचे आठ महिने मी त्या पट्टीची जाडी मोजत होतो. वेगवेगळा आहार दिलेल्या उंदरांची आकडेमोड सुरू होती, आलेख तयार होत होते. एके दिवशी आमच्या मॅडमनी साधाच प्रश्न विचारला, ‘‘अरे, उपाशी उंदरातही पट्टी तेवढीच कशी?’’ उपाशी उंदरात ती जवळपास दिसायलाच नको होती. वर सांगितलेला १९९८चा प्रयोग मला पाठ होता. तो माझ्याच ब्लॉटवर लावून पाहायचे सुचले नव्हते. मग दुसऱ्या कंपनीचे प्रतिपिंड मागवले, ते यायला दीड महिना. त्याने ती पट्टी दाखवलीच नाही. यकृतात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन रगड असते आणि त्याचे वजन सुमारे ६६ किलोडाल्टन. बहुधा मी आठ महिने त्याचीच जाडी मोजत होतो. कंपनीला लिहिले तेव्हा अतिशय सौजन्याने उत्तर आले, आणि बरोबर त्याच प्रतिपिंडाची एक नवी कुपी, फुकट.

दोष कंपनीचा होता तितकाच माझा होता. या प्रथिनाच्या वाटेत खड्डे पुष्कळ आहेत आणि ते सगळ्यांना माहीत असायला हवेत. एक म्हणजे, कापलेला तुकडा पेशी फार लवकर मोडून टाकते. पेशी वाटण्याआधीच ती मोड थांबवणारे रसायन घातले नाही, तर खरे प्रथिन प्रयोगाआधीच संपते आणि पडद्यावर उरते ती फक्त खोटी पट्टी. दुसरे, प्रतिपिंड माळेच्या कुठल्या टोकासाठी बनवले आहे हे कुपीवरच्या माहितीपत्रकात बारकाईने वाचावे लागते. मागच्या टोकाला पकडणारे प्रतिपिंड केंद्रकात गेलेला पुढचा तुकडा कधीच दाखवणार नाही, मग ते कितीही चांगले असो. तिसरी अडचण थोडी मजेशीर आहे. उंदरात बनवलेले प्रतिपिंड उंदराच्याच यकृतावर वापरले, की त्याला शोधणारे दुसरे प्रतिपिंड गोंधळते. यकृतातल्या रक्तात उंदराची स्वतःची प्रतिपिंडे असतातच, तीही त्याला ‘आपलीच’ वाटतात.

पण मला सर्वात जास्त खटकते ती चौथी गोष्ट. १ए आणि १सी या दोन रूपांत फरक आहे तो फक्त अगदी सुरुवातीच्या टोकाला. १एमध्ये तिथे वेगळी अशी २९ अमिनो आम्ले आहेत, १सीमध्ये ५. उरलेली हजाराहून अधिक एकसारखी. म्हणजे नेहमीच्या प्रतिपिंडाला या दोघांत भेद करताच येत नाही. तो करायचा तर प्रथिनाऐवजी त्याचा जनुकीय निरोप, म्हणजे आरएनए मोजावा लागतो. तरीही पट्टीचा फोटो देऊन खाली ‘एसआरईबीपी-१सी वाढले’ असे लिहिलेले शोधनिबंध सर्रास सापडतात. लिहिणारा खोटारडा नसतो. कुपीवर १सी लिहिलेले असते, म्हणून तोही तसेच लिहितो.

डल्लासच्या गटाचे याबाबतीत कौतुक करायला हवे. मानवी एसआरईबीपी-१ ओळखणारे प्रतिपिंड बनवणाऱ्या आपल्या पेशी त्यांनी अमेरिकेतल्या पेशी-संग्रहात ठेवल्या. माळेचा कुठला भाग वापरून ते बनवले हे जाहीर आहे. कोणीही पेशी मागवाव्यात, स्वतः प्रतिपिंड काढावे, तपासावे. तीस वर्षांपूर्वीची ही शिस्त आज कॅटलॉगमध्ये हजारो कुप्या असताना दुर्मीळ व्हावी, हे काही प्रगतीचे लक्षण नाही.

दुखणे एका प्रथिनाचे नाही

टोरांटोचे एलेफ्थेरिओस डायमंडिस आणि इओआनिस प्रासास यांची हकिकत या क्षेत्रात बऱ्याच जणांना माहीत आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग रक्तातून लवकर ओळखता येईल, अशा एका प्रथिनाच्या मागे ते होते. बाजारातून तयार चाचणी-संच घेतला. निकाल आशादायक. दोन वर्षे, सुमारे पाच लाख डॉलर आणि रुग्णांचे हजारो नमुने खर्ची पडल्यावर कळले, की संच ते प्रथिन ओळखतच नव्हता. तो ओळखत होता सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगासाठी आधीपासून वापरात असलेले वेगळेच प्रथिन. पैशाचे एक वेळ सोडा. ज्या रुग्णांनी ‘पुढच्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल’ म्हणून रक्त दिले, त्यांचे नमुने परत येत नाहीत.

२०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक संशोधकांच्या सह्यांसह ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. जगभरात निकृष्ट प्रतिपिंडांवर दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जातात, असा त्यांचा अंदाज होता. अंदाजच तो, थोडा इकडेतिकडे असेल. पण २०२३ मध्ये आला तो अंदाज नव्हता, तर मोजदाद होती. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात रुजलेल्या एका उपक्रमाने ६५ मानवी प्रथिनांसाठीची ६१४ बाजारू प्रतिपिंडे एकाच पद्धतीने तपासली. युक्ती अशी, की ज्या पेशींतून ते प्रथिन बनवणारे जनुकच काढून टाकले आहे, त्या पेशींवरही प्रतिपिंड वापरून पाहायचे. प्रथिनच नाही, तरी पट्टी आली? मग ती पट्टी खोटी. कामाला न येणारी प्रतिपिंडे वापरून लिहिलेले, सरासरी दर प्रथिनामागे सुमारे डझनभर शोधनिबंध त्यांना सापडले.

या उपक्रमातली मला सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कंपन्यांनी स्वतःहून आपली प्रतिपिंडे तपासायला दिली होती, आणि निकाल आल्यावर नापास ठरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के बाजारातून काढून घेतली, सुमारे ४० टक्क्यांबाबत वापराची शिफारस बदलली. म्हणजे तपासणी झाली आणि निकाल चव्हाट्यावर आला, की बाजार सुधारतो. शिव्या देऊन सुधारत नाही. दिलासा असाही, की निम्म्याहून बऱ्याच अधिक प्रथिनांसाठी निदान एक तरी चांगले प्रतिपिंड बाजारात होते. फक्त कुठले, हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. जनुकीय क्रम ठाऊक असलेली, पेशीत तो क्रम घालून बनवलेली प्रतिपिंडे सर्वात सरस ठरली. तिथे ससा मरायचा प्रश्नच नाही.

माझ्या रिपोर्टचे काय?

एसआरईबीपी-१ची चाचणी तुम्हाला कोणी करायला सांगणार नाही. त्याची गरजही नाही. तो यकृताच्या पेशीच्या पोटातला मामला आहे, रक्तात सापडत नाही. रुग्णालयातल्या चाचण्या प्रयोगशाळेतल्या कुप्यांपेक्षा कितीतरी कडक तपासून येतात, तेव्हा या लेखाने घाबरून थायरॉइडचे रिपोर्ट फेकून देऊ नयेत. पण प्रतिपिंडाच्या मर्यादा तिथेही डोकावतात.

लिपोप्रोटीन (ए) ही चाचणी हल्ली हृदयरोगाच्या पॅकेजमध्ये दिसू लागली आहे. रक्तातल्या या मेदकणाचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते, आणि आयुष्यात एकदा ते तपासावे असे युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सुचवले. पण या कणावरच्या प्रथिनात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. कोणाच्यात मोजकी, कोणाच्यात चाळीसच्या घरात. नक्षीलाच पकडणारे प्रतिपिंड वापरले, तर लांब प्रथिनाचा एकच कण अनेक वेळा मोजला जातो. म्हणून दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत आणि मिलिग्रॅममधला आकडा एका ठरावीक गुणकाने नॅनोमोलमध्ये बदलता येत नाही. रिपोर्ट घेताना चाचणी या लांबीच्या फरकाने फसत नाही ना, एवढे विचारायला हरकत नाही. दुसरी गोष्ट केसगळतीच्या गोळ्यांची. त्यात बायोटिन भरपूर असते, आणि प्रतिपिंडांवर आधारित बऱ्याच चाचण्यांत पकड घेण्यासाठी बायोटिनच वापरतात. त्यामुळे थायरॉइड किंवा हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडा चुकू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच इशारा दिला होता. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा.

एक विसंगती मात्र मला बोचते. कोलेस्टेरॉल उतरवणारी, पीसीएसके९ या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे २०१५ मध्ये औषध म्हणून मंजूर झाली. त्याआधी हजारो रुग्णांवर चाचण्या, कारखान्यांची तपासणी, प्रत्येक खेपेची शुद्धता, सगळे झाले. तेच प्रतिपिंड औषधाऐवजी संशोधनासाठी विकायचे असेल, तर कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ एवढे दोन शब्द पुरतात. ते प्रतिपिंड नाव लिहिलेल्या प्रथिनाला खरोखर पकडते का, हे विचारणारा कोणी नाही. आणि उद्याच्या औषधांची कल्पना याच कुप्यांमधून निघते.

मग करायचे काय?

आपल्याकडे एका कुपीची किंमत पाच आकडी असते, अनेकदा विद्यार्थ्याच्या महिन्याच्या फेलोशिपच्या घरात. ती २०२३ पासून ३७ हजार रुपये आहे. बहुतेक कुप्या आयात, वाटेत बर्फ वितळला तर तोही धोका आपलाच. अशा स्थितीत मार्गदर्शकाला सांगणे, की प्रत्येक प्रतिपिंडासाठी जनुक काढलेल्या पेशींवर खात्री करून घ्या, म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणे आहे. त्याच्याकडे ना तो पैसा आहे, ना त्या पेशी. ‘नियम करा’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की नियम केला तर एक फॉर्म वाढेल आणि त्यावर ‘होय’ अशी खूण करायला सगळे शिकतील.

माझे मत असे, की हा खर्च एकेका विद्यार्थ्याच्या माथी न मारता एकदाच, एकत्र करावा. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशाचा पेशी-संग्रह आधीपासून आहे. देशभरच्या प्रयोगशाळा तिथून पेशी नेतात. जनुक काढलेल्या पेशींचा एक कप्पा तिथे किंवा तशाच ठिकाणी उभा राहू शकतो. जैवतंत्रज्ञान विभाग, आयसीएमआर आणि अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन प्रतिपिंडे घ्यायला दरवर्षी पैसे देतातच. त्यातला छोटा वाटा ती तपासायला ठेवला, तर वाचेल तो त्यांचाच पैसा. निकाल सगळ्यांना खुले असावेत, नापास झालेल्यांचेही. नापास निकालच तर जास्त उपयोगाचे. आज एका शहरात फसलेले प्रतिपिंड दुसऱ्या शहरातला विद्यार्थी त्याच आठवड्यात मागवत असतो, कारण फसल्याचा निबंध कोणी छापत नाही.

आणि एक गोष्ट अशी, जिला एक रुपयाही लागत नाही. पीएचडीच्या सादरीकरणात पट्टीचा कापलेला, नीटनेटका फोटो दाखवतात तेव्हा समितीने पूर्ण पडदा मागावा, वरपासून खालपर्यंत. बाकीच्या पट्ट्या तिथे असतात. उपाशी प्राणी, पारणे केलेला प्राणी आणि नेहमीचे खाणारा, असे तिन्ही नमुने शेजारी शेजारी दिसावेत. माझ्या बाबतीत हा प्रश्न आठ महिन्यांनी विचारला गेला. पहिल्याच आठवड्यात विचारला असता, तर मला वाईट वाटले असते, एवढेच.

सुरुवात मोठी नको. यकृत आणि चरबीवर काम करणारे गट महाराष्ट्रात आहेत. ते पुन्हा पुन्हा मागवतात अशा वीस-पंचवीस प्रथिनांची यादी एका दुपारच्या बैठकीत होईल. एसआरईबीपी-१ त्यात वरच्या पाचांत असेल, याबद्दल मला शंका नाही. तेवढ्यांपुरत्या पेशी, एक अनुभवी तंत्रज्ञ, एक डीप फ्रीझर आणि निकाल टाकायला एक वेबपान. माझी ती फुकट आलेली कुपी अजून जपून ठेवलेली आहे, न उघडता. पहिल्या यादीत नापासांच्या रकान्यात कोणाला तरी बसवायचेच आहे, तर तिची पाळी आधी लावा.